पंचशीलाबाईंचा पाण्यातला चष्मा

चष्मा काढला की पंचशीलाबाई इंगोले ज्या जगात जात, ते जग तसं वाईट नव्हतं. तिथे माणसं नसत, रंग असत. दिवे जास्वंदीसारखे फुललेले असत, भिंती मऊ असत आणि कुणाच्याही तोंडावर राग दिसत नसे, कारण तोंडच दिसत नसे. अडचण एवढीच होती की चोपन्नाव्या वर्षी बाईंना त्या जगात पोहायला शिकायचं होतं.

बाई एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढत. अठ्ठावीस वर्षं तेच काम. माणसाच्या आतलं हाड न् हाड त्या ओळखत. बाहेरचा माणूस मात्र चष्म्याशिवाय हाताच्या अंतरावरही ओळखू येत नसे. नंबर उजव्या डोळ्याला साडेदहा आणि डाव्याला आठ. चष्मा उशाशी नसला तर तो शोधायलाच दुसरा चष्मा लागायचा, असं त्यांचा नवरा म्हणे. तो पोस्टातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक शिकत होता आणि त्याचे पोहे रोज वेगळ्या बाजूने करपत.

गुडघे दुखायला लागले तेव्हा इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, पाण्यात चाला. पालिकेच्या तलावावर सकाळी सात ते आठ बायकांची बॅच असते हे सिल्व्हर पार्कमधल्या शेजारीण हंसाबेनना माहीत होतं. दोघी जानेवारीत दाखल झाल्या. पाण्यात चालता चालता हात हलायला लागले, हातांमागून पाय, आणि तीन आठवड्यांत पंचशीलाबाई तरंगायला लागल्या. इथवर सगळं सुरेख झालं.

पण तरंगणं वेगळं आणि जाणं वेगळं. बाई पहिल्या पट्ट्यातून निघत आणि चौथ्या पट्ट्यातून, तीन बायकांना धडकून, शिडीजवळ बाहेर येत. आपण सरळच आलो अशी त्यांची मनापासून खात्री असे. शिकवणारी मंदा उत्तनकडच्या चौक गावची कोळीण. लहानपणी भरतीच्या पाण्यात वाढलेली आणि शिट्टीपेक्षा गळ्यावर जास्त भरवसा ठेवणारी. तिने काठावरून विचारलं, "बाय, तू रिक्षा हायेस का? जिथं फट दिसली तिथं घुसतेस." तेव्हापासून बॅचमध्ये बाईंचं नाव रिक्षा पडलं. त्या पाण्यात उतरल्या की बाकीच्या पट्टा मोकळा करत.

बाईंनी त्यावर उपाय म्हणून माणसं रंगावरून पाठ केली होती. पिवळा सदरा म्हणजे मंदा, जांभळा झालरवाला पोहण्याचा पोशाख म्हणजे हंसाबेन, हिरवं म्हणजे बँकेतल्या बाई, आणि काठावरचं ते लालभडक म्हणजे पहारेकरीण. पहारेकरणीला त्या रोज हात करून नमस्कार म्हणत. ती कधी उत्तर देत नाही म्हणून बाईंना जरा वाईट वाटे. पुढे हंसाबेननी सांगितलं की तो भिंतीला टांगलेला रबरी टायर आहे. त्यानंतरही बाईंनी नमस्कार बंद केला नाही. इतके दिवस केला, आता एकदम कसा सोडायचा, म्हणाल्या.

फेब्रुवारीत एके दिवशी मंदा जांभळा सदरा घालून आली. बाई तिच्या शेजारी जाऊन काठाला धरून राहिल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या की ही मंदा शिकवते चांगलं, पण जरा जास्तच कडक आहे, पोरीबाळींसारखं ओरडते आपल्यावर, या वयात. शेजारचा जांभळा रंग शांतपणे ऐकत राहिला. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "हाय मी तशीच." बाई त्या क्षणी स्वतःहून पाण्याखाली गेल्या. आजवरची त्यांची सर्वांत सफाईदार बुडी तीच, असं हंसाबेन अजून सांगतात.

बुडीवरून आठवलं. मंदाच्या बॅचमध्ये उथळ बाजूकडून खोल बाजूला जायला कसलंही प्रमाणपत्र चालत नसे. तिथे वाटी चाले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकीने घरून एक स्टीलची वाटी आणायची, मागे नाव कोरलेली. मंदा सगळ्या वाट्या साडेपाच फूट पाण्यात फेकून देई. एका श्वासात खाली जायचं, डोळे उघडे ठेवून नाव वाचायचं आणि आपलीच वाटी घेऊन वर यायचं. दुसरीची आणली तर पुढच्या महिन्यापर्यंत उथळ पाण्यात. मंदाचं म्हणणं साधं होतं: जिला बूड दिसतं तिला पाण्याची भीती वाटत न्हाय.

पंचशीलाबाईंची वाटी त्यांच्या लग्नातल्या भांड्यांपैकी होती. जाड, जड, फेकली की सरळ खाली जाणारी. तिच्या पाठीवर सेलूच्या बाजारातल्या भांडीवाल्याने टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: बापूराव गंगाराम खंदारे यांजकडून. बापूराव म्हणजे बाईंचे वडील. जड आहे म्हणून ही घ्या, असं नवरा म्हणाला, त्यापलीकडे ती निवडताना कुणी काही विचार केला नव्हता.

जानेवारीत बाईंनी हंसाबेनची वाटी आणली. तिच्यावर गुजरातीत नाव होतं, तरी बाई ती उंच धरून अर्धा मिनिट हसत उभ्या होत्या. फेब्रुवारीत त्यांना तळाशी काहीतरी गोल आणि चांदीसारखं चमकताना दिसलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ओढलं. ते मंदाचं जोडवं होतं, आणि जोडवं पायात होतं. मंदा त्या दिवशी ओरडली नाही. तिला ओरडायला तोंड पाण्याबाहेर काढता आलं नाही.

सगळा तलाव हसला, बाईही हसल्या. पण घरी आल्यावर त्या फोनकडे बघत बसल्या, कारण फोन येणार होता आणि प्रश्न ठरलेला होता.

बापूराव बेचाळीस सालचे. सेलूजवळच्या त्यांच्या गावात एक मोठी दगडी विहीर होती, उतरायला पायऱ्या असलेली. उन्हाळ्यात गावातली पोरं तिच्यात उड्या घेत आणि बुडाचा चिखल मुठीत धरून वर येत. मूठ उघडून चिखल दाखवला की ती बुडी खरी. बापूरावांच्या वस्तीतल्या पोरांना त्या पायऱ्यांवर पाय ठेवायला मनाई होती. दहा वर्षांचा बापू लांब लिंबाखाली बसून कोण किती वेळ खाली राहिला ते आकडे मोजी. सगळ्यांचे आकडे त्याला पाठ होते. एकदा त्याने एका पोराला विचारलं, खाली काय दिसतं. ते पोरगं म्हणालं, तुला काय करायचंय.

एवढंच. मोठेपणी बापूरावांनी बांधकामावर मुकादमी केली, धाकट्या मुलासाठी गावात पक्कं घर बांधलं, मुलीला एक्स-रेचं शिक्षण दिलं, आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण मुलगी पोहायला शिकते आहे हे कळल्यावर पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "पंचे, दिसलं का बूड?" मग दर रविवारी तेच. टीव्हीवर समुद्राचं बूड दाखवतात की, आबा, असं बाईंनी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर ते म्हणाले की ते टीव्हीवाल्याचं बूड. तू तुझं बघून सांग. आणि खोटं सांगून भागणार नव्हतं, कारण बापूराव पुढे बारीकसारीक विचारत. ज्या माणसाने पन्नास वर्षं मजुरांकडून काम करून घेतलं त्याला काम न करता केलं म्हणणारा माणूस आवाजावरून कळतो.

मार्चमध्ये बापूराव स्वतःच आले, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला. मुक्काम एप्रिलअखेरपर्यंत. शेवटच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट. आणि मे महिन्यात मुलांच्या शिबिरासाठी तलाव राखून ठेवणार, बायकांची बॅच बंद. म्हणजे मार्चची वाटी आणि एप्रिलची वाटी, एवढंच हातात होतं.

बाई यतीनकडे गेल्या. यतीन स्टेशनजवळचा त्यांचा जुना चष्मेवाला, बाईंचा नंबर चारपासून वर चढताना पाहिलेला. बाईंनी आधी कॉन्टॅक्ट लेन्सचं विचारलं. त्याने लगेच मान हलवली. लेन्स घालून पाण्यात उतरायचं नाही, पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून डोळा कायमचा जाऊ शकतो. मग त्याने कपाटातून एक काळा पोहण्याचा चष्मा काढला. साधा दिसणारा, पण काचेत नंबर असलेला. बाईंनी तो दुकानातच डोळ्यांना लावला आणि समोरच्या आरशात स्वतःला बेडकासारखं स्वच्छ पाहून त्यांना इतकं हसू आलं की रस्त्यावरचे दोघेजण आत डोकावले.

भानगड अशी होती की हे चष्मे दोन्ही डोळ्यांना एकाच नंबरचे येत. बाईंचे डोळे तर एकमेकांशी कधी जुळले नव्हते. यतीनने तोड काढली. दोन चष्मे घ्या, एक नऊचा, एक साडेसहाचा. पुरा नंबर मुद्दाम घ्यायचा नाही, कारण तुम्हाला हाताच्या अंतरावर अक्षरं वाचायची आहेत आणि वय चोपन्न आहे. नाकावरची रबरी पट्टी ओढली की चष्म्याचे दोन्ही डोळे सुटे होतात. नऊमधला उजवा घ्या, साडेसहामधला डावा, आणि जोडा. तो स्वतः जोडून देत होता, पण बाई म्हणाल्या, उजवं-डावं मी करते, माझं आयुष्य त्यात गेलंय.

घरी त्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसल्या. नऊचा चष्मा डोळ्यांना लावायला धरतात तसा समोर धरला. दुसरं कुणीही असतं तर आपल्या उजव्या हाताकडचा तो उजवा म्हणून मोकळं झालं असतं. पण एक्स-रे समोर धरला की रोग्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, आणि बाईंच्या डोळ्यांनी अठ्ठावीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी डाव्या बाजूचा डोळा सोडवला आणि त्यावर सवयीने, नेलपॉलिशने, बारीक R काढला. साडेसहामधला मग दुसऱ्या बाजूचा घेतला. जोडणी सुबक झाली. उरलेले दोन डोळेही त्यांनी एकमेकांना जोडून, टाकायचे कशाला म्हणून, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रबरबँड आणि बटणांच्या सोबतीला ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी तलावावर बाईंना वेड लागायचं बाकी होतं. पलीकडची भिंत दिसली. भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि ते बंद आहे हेही दिसलं. बँकेतल्या बाईंना मिशीची हलकी लव आहे, मंदाला दोन्ही गालांवर खळ्या आहेत, आणि हंसाबेनच्या जांभळ्या पोशाखावर झालर नसून छोटे छोटे मासे आहेत, हे सगळं त्यांना तीन महिन्यांनी कळलं आणि त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. टायरला नमस्कार करून त्या सरळ रेषेत पोहत पलीकडे गेल्या. डोकं जरासं गरगरत होतं, पण पहिल्यांदा जग दिसल्यावर कुणाचं नाही गरगरणार, असं त्यांना वाटलं.

मार्चचा शेवटचा रविवार आला. बाई डौलात खाली गेल्या. दुरून वाट्या स्वच्छ मोजता आल्या, आठ. पण हातात धरली तेव्हा पाठीवरची टिंबं मुंग्यांसारखी इकडे-तिकडे पळायला लागली. जी वाटी त्यांनी आणली ती बँकेतल्या बाईंच्या सासूची निघाली. बाई काठावर बसून राहिल्या. चाळिशीच्या पुढे पाण्यातही वाचता येत नसावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आणि घरी आबांना सांगितलं की बूड निळं आहे.

"आणि?" बापूरावांनी विचारलं.

आणि काही नाही, असं म्हणून बाई पोह्यांकडे वळल्या. म्हाताऱ्याने पुढे विचारलं नाही. त्याचंच बाईंना जास्त लागलं.

एप्रिलच्या मध्यावर बापूरावांचा दुसरा डोळा झाला. इस्पितळातल्या डॉक्टरने त्यांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचं वाचायला लावलं होतं. ही तपासणी त्यांना इतकी पटली की त्यांनी घरात ती सर्वांवर सुरू केली. जावयाचे डोळे तपासून झाले. दूधवाल्याचे झाले. हंसाबेन साखर मागायला आल्या त्यांचेही झाले, आणि तुझा डावा जरा कमी आहे बाई, असं सांगून त्यांना यतीनकडे पिटाळण्यात आलं.

पंचशीलाबाई त्या वेळी कांदा चिरत होत्या, पोहण्याचा चष्मा लावून. कांद्याला याच्याइतकं उत्तम काही नाही हा शोध त्यांनी नुकताच लावला होता. बापूराव म्हणाले, "तशीच थांब. डावा डोळा झाक. कॅलेंडरवर काय तारीख?"

बाईंना कॅलेंडरच नीट दिसेना. आता उजवा झाक, तारीख सांग. तारीख बरोबर आली, पण हातभर अंतरावर धरलेल्या पेपरातला मथळा येईना. मग घरचा चष्मा लाव. घरच्या चष्म्याने दोन्ही डोळ्यांना तारीख फडाफड आली. बापूरावांनी तो काळा चष्मा हातात घेतला, लांब धरला, एकेका काचेतून कॅलेंडर पाहिलं. कुठलंही काम अंगावर घेण्याआधी ते वीट अशी पाहत.

"हिच्यातून लई बारीक दिसतंय, हिच्यातून कमी बारीक. म्हणजे ही जास्त नंबराची. तुझा वाईट डोळा कोणता?"

"उजवा."

"मग जास्तीची काच डाव्या डोळ्यावर कशी आली?"

बाई म्हणाल्या, आबा, डावीकडे असतो तोच उजवा. बापूरावांनी मुलीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, आणि अगदी हळूच विचारलं, "कुणाचा?"

बाई सुरीसकट खाली फरशीवर बसल्या आणि हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग पदर तोंडात कोंबून, मग तोही टाकून. नवरा धावत आला. त्याला वाटलं कांद्याने रडतेय. अठ्ठावीस वर्षं हजारो माणसांची उजवी-डावी न चुकलेल्या बाईने स्वतःची चुकवली होती, आणि तीही फक्त बरोबर असण्याच्या सवयीमुळे. बापूराव गंभीरपणे उभे होते. उरलेले डोळे कुठायत, एवढंच त्यांनी विचारलं. श्रीखंडाचा डबा आला. बटणं झटकून तो दुसरा चष्मा बाईंनी लावला, पेपर हातभर अंतरावर धरला आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो इतका कंटाळवाणा होता की त्यांना पुन्हा हसू फुटलं, पण शब्द न् शब्द दिसत होता.

शेवटच्या रविवारी घरच्यांना वरच्या पायऱ्यांवर बसायला परवानगी असे. बापूराव धुतलेलं धोतर नेसून आणि काळा गॉगल लावून पुढच्या पायरीवर बसले. जावयाने डब्यात पोहे आणले होते आणि कुणीतरी ते मागावेत अशी त्याची अपेक्षा होती. मंदाने आठ वाट्या फेकल्या. बाईंना मात्र तिने बाजूला घेऊन सांगितलं की आज चुकलीस तर पुढचं शिकवणं पावसाळ्यानंतर, आणि एक ध्यानात ठेव, पानी वस्तू जवळ दाखवतंय, हात लांब टाक. बाईंनी मान हलवली. ऐकलं काहीच नव्हतं. त्या घड्याळ अजून बंद आहे का ते बघत होत्या.

त्यांनी श्वास भरला आणि गेल्या.

खाली पहिली गोष्ट दिसली ती ऊन. तळाच्या निळ्या फरशीवर उन्हाची जाळी पसरली होती आणि ती हलत होती, जणू कुणी खालून झटकतंय. एक फरशी कोपऱ्यात फुटलेली होती. दोन केसांच्या पिना, एक मरून रंगाची टिकली, एक चिकटपट्टी. पुढे मंदाचे पाय, जोडव्यांसकट, आज सावधपणे मागे घेतलेले. सगळं इतकं स्वच्छ की बाईंना हसू आलं, आणि पाण्याखाली हसलं की हवा जाते हे त्यांना तेव्हा कळलं.

पहिल्या वाटीकडे हात घातला तर मुठीत पाणीच आलं. वाटी दिसत होती त्याच्या वीतभर पलीकडे होती. बाईंना मंदाचं बोलणं उशिरा का होईना ऐकू आलं, आणि त्यांनी हात लांब टाकला. गुजराती अक्षरं, हंसाबेन, आज नाही. दुसरी पालथी होती. तिच्यावर कुणाच्या तरी बारशाची तारीख. छातीत ठोके वाढले. आता वर जावं असं अंग म्हणायला लागलं. तिसरी वाटी थोडी दूर, फुटक्या फरशीपाशी, पालथी पडली होती आणि तिच्या पाठीवर उन्हाची जाळी सरकत होती.

बाईंनी ती लगेच उचलली नाही. त्या तशाच तिच्यावर तरंगत वाचत राहिल्या. बापूराव. गंगाराम. खंदारे. यांजकडून.

पाण्यात उभी मंदा बुडी घ्यायला वाकली होती. हंसाबेन आकडे मोजत होत्या, गुजरातीत. वरच्या पायरीवर बापूरावही मोजत होते, ओठ न हलवता, सत्तर वर्षांपूर्वीच्या वेगाने. चाळीसला पाणी फुटलं, आणि आधी वाटी बाहेर आली, मग बाई.

मंदाने वाटी घेतली, उलटी केली, आणि फक्त खोल बाजूकडे बोट दाखवलं. तलावभर टाळ्या वाजल्या. पण पंचशीलाबाई खोल बाजूला गेल्याच नाहीत. त्या शिडीने वर आल्या आणि ओल्या पायांनी, गुडघे विसरून, पायऱ्या चढत वडिलांपाशी गेल्या.

"दिसलं, आबा. बुडाला तुमचं नाव होतं."

बापूरावांनी वाटी हातात घेतली, अंगठा टिंबांवरून फिरवला. गॉगल काढून पाहिलं, पण ऑपरेशननंतर जवळचं वाचायचा चष्मा अजून यायचा होता. त्यांनी वाटी परत दिली. वाच, म्हणाले. बाईंचा घरचा चष्मा तलावावरच्या कपाटात होता, म्हणून त्यांनी कपाळावरचा काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि भर उन्हात, अंगातून पाणी गळत असताना, बेडकासारख्या उभ्या राहून वडिलांना त्यांचं नाव वाचून दाखवलं. पायरीवरची दोन मुलं खिदळली. बापूरावांनी ऐकलं, मग नेहमीचा प्रश्न केला: आणि? यावेळी बाईंकडे सांगायला होतं. उन्हाची जाळी, फुटकी फरशी, पिना किती, टिकलीचा रंग कोणता, सगळं त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याने एकेक गोष्ट मान हलवून मोजून घेतली.

"चिखल न्हाई?"

नाही, फरशी आहे, बाई म्हणाल्या. मग बापूरावांनी जावयाकडे वळून पोहे मागितले, त्याच वाटीत.

दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी ती वाटी पिशवीत टाकली. प्रवासात काही खायला लागतं, म्हणाले. आठ दिवसांनी, रविवारी, फोन आला. प्रकृती, ऊन, डोळ्यांचे थेंब, सगळं बोलून झालं. मग बापूराव म्हणाले की त्या मोठ्या विहिरीवर जाऊन आलो. आता तिकडे कुणी कुणाला अडवत नाही आणि कुणी जातही नाही. पायऱ्या शाबूत आहेत, पाणी पुरुषभर असेल. वाकून पाहत होतो, आणि ती वाटी हातातून पडली.

पंचशीलाबाईंनी विचारलं,

"पडली का टाकली, आबा?"

"पडली म्हणलं न्हवं." पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि ते खोकणं नव्हतं. "उलटी पडली. नाव वर हाय. दिवाळीला येशील तवा तुझा तो चष्मा घेऊन ये, आणि बघून सांग."

कोणता आणू, बाईंनी विचारलं. श्रीखंडाच्या डब्यातला, बापूराव म्हणाले.